चिमणीची कड

कवळीवाल्यांना एका शब्दाचा मनापासून तिटकारा होता: ‘चालेल’. दंतवैद्याच्या दवाखान्यामागील अरुंद खोलीत, प्लॅस्टरच्या धुळीने पांढुरक्या झालेल्या टेबलाशी बसून त्यांनी उभा जन्म इतरांचे दात घडवले. त्या कामाची एक रीत असते. दात आधी मेणात बसवायचे, मेणातली कवळी रुग्णाच्या तोंडात घालून पाहायची, आणि तिच्यातील उणिवा टिपून ती पुन्हा टेबलावर पाठवायची. काम परत येण्यात कवळीवाल्यांना कधी कमीपणा वाटला नाही. उलट पहिल्याच फेरीत पसंत पडलेल्या कवळीविषयी ते साशंक असत. कोणीतरी नीट पाहिलेले नाही, एवढाच त्या पसंतीचा अर्थ, असे त्यांचे मत होते. दंतवैद्य घाईत ‘राहू द्या हो, चालेल’ म्हणाले, तर ते डोळ्यावरचे भिंग कपाळावर सरकवून विचारत, “कोणाला चालेल? चावायचंय कोणाला, तुम्हाला की त्यांना?”

हीच नजर घेऊन ते घरी येत आणि मागच्या खोलीत शिरत. तिथे भिंतीला बिजागऱ्यांनी जोडलेली एक भलीमोठी फळी होती. ती आडवी केली की खोलीत माणसांना अंग चोरून उभे राहावे लागे. फळीवर बोटभर रुंदीचे रूळ होते आणि त्या रुळांवर छोटी रेल्वे धावत असे. डोंगर, बोगदे, झुलते पूल असला देखावा कवळीवाल्यांनी कधी मांडला नाही. त्यांनी मांडले होते ते मालगाड्यांचे यार्ड: फाटे, सांधे, कोळशाचा ढीग, वाघिणींच्या म्हणजे मालडब्यांच्या रांगा. सुट्टीच्या दिवशी दुपारी चार-पाच शौकीन जमत, आपापली इंजिने खोक्यांतून काढत आणि कवळीवाल्यांच्या हाती देताना जरा धास्तावत. “यांच्या हातात इंजिन द्यायचं म्हणजे ते आधी त्याला तोंड उघडायला लावणार,” असा एक विनोद त्या मंडळात रूढ होता.

त्या यार्डाचे मूळ मात्र दुसऱ्याच्या आयुष्यात होते. कवळीवाल्यांचा जिवलग मित्र यार्डात सिग्नल दुरुस्त करत निवृत्त झालेला. सगळे त्याला सिग्नलवाले म्हणत. बायको जाऊन बरीच वर्षे झाली होती. दोन गल्ल्या पलीकडे ते एकटे राहत. दुपारी ते यायचे, ठेंगणे स्टूल ओढून फळीच्या कडेशी असे बसायचे की डोळे बरोबर रुळांच्या पातळीवर यावेत, आणि गाडी येताना पाहत राहायचे. इंजिनाच्या अंगावर किती खिळे आहेत, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हते. एकाला इंजिन तपासायचे असे, दुसऱ्याला ते येताना पाहायचे असे. आणि मैत्रीच्या इतक्या वर्षांत हा फरक दखल घेण्याजोगा आहे, असे दोघांपैकी कोणालाही वाटले नव्हते.

सिग्नलवाल्यांच्या खऱ्या यार्डात वाघिणी इकडून तिकडे ढकलणारे एक बुटके, काळे इंजिन होते. नाक जमिनीला लावल्यासारखे वाघिणींच्या मधून फिरायचे, म्हणून यार्डातली माणसे त्याला ‘घूस’ म्हणत. कुरूप म्हणावे असेच ते होते. मोठ्या कंपन्या छोटी इंजिने बनवतात ती देखण्या, वेगवान गाड्यांची. घुशीकडे कोण पाहणार? त्यामुळे एका लहान गावातील कारागिराने घूस काढण्याचे जाहीर केले, तेव्हा सिग्नलवाले स्टुलावरून उठून उभे राहिले.

“खरंच काढतोय?”

“काढतोय. पितळेचं. मोजकेच नग. पण पैसे सगळे आधी.”

“सगळे?”

“तो तसंच करतो. मोटर, चाकं, पत्रे, सगळं आधी विकत आणावं लागतं त्याला.”

या कारागिराला मंडळात पितळवाला म्हणत. तो आधी इंजिन जाहीर करी, मग शौकिनांकडून पूर्ण रक्कम घेई, मग सवडीने इंजिन घडवी. या पद्धतीत मुळात लबाडी नाही, हे मान्य केले पाहिजे. घुशीसारख्या इंजिनाला गिऱ्हाइके मूठभर. ती आगाऊ पैसे देणार नसतील, तर ते इंजिन जगात येणारच नाही. परंतु याचाच दुसरा अर्थ असा, की गिऱ्हाईक आता नुसते गिऱ्हाईक राहत नाही. ते सावकार बनते, तेही व्याज न घेणारे, तारण न मागणारे आणि वसुलीला गेल्यास स्वतःच शरमणारे. आपण या धंद्यात भांडवल घातले आहे, हे त्याच्या गावीही नसते. आपण एका सुंदर वस्तूची वाट पाहत आहोत, अशीच त्याची समजूत असते.

कवळीवाल्यांच्या पत्नीला हे सारे एका वाक्यात उमगले होते. “अहो, दूधवाल्यालासुद्धा आपण महिना सरल्यावर देतो,” त्या म्हणाल्या.

“दूध आणि हे एक का? कलाकार आहे तो.”

“म्हणून तर म्हणते. दूधवाला निदान रोज दारात दिसतो.”

सिग्नलवाल्यांच्या बाबतीत मात्र प्रश्न पैशांपुरता नव्हता. त्यांना काचबिंदू झाला होता. उजवा डोळा गेल्यातच जमा होता आणि डाव्याची नजर कडांकडून आत आत आवळत चालली होती. डॉक्टरांनी थेंब दिले होते. गेलेली दृष्टी परत येणार नाही, उरलेली जितकी टिकेल तितकी टिकवायची, असे स्पष्ट सांगितले होते. “मी आता बोगद्यातला माणूस,” ते हसून म्हणत, “समोरचा उजेड तेवढा दिसतो.” जवळची होती नव्हती ती इंजिने त्यांनी मंडळातल्याच एकाला विकली आणि घुशीचे पैसे भरले. “डोळे आहेत तोवर एकदा तिला या यार्डात फिरताना बघू दे. मग काय व्हायचं ते होवो.” कवळीवाल्यांनी स्वतःसाठीही एक घूस सांगितली, आणि पितळवाल्याशी बोलणे, पाठपुरावा, पारख हे सारे दोघांच्या वतीने आपल्या अंगावर घेतले.

पितळवाल्याचा पहिला फोन आला तो एक प्रश्न घेऊनच. “सर, तुमच्यासारखी नजर नाही हो कोणाला. म्हणून विचारतो. पाण्याच्या टाकीवरच्या खिळ्यांची ओळ सरळ जाते, की दाराजवळ खाली उतरते?”

कवळीवाले सुखावले. त्यांनी जुनी छायाचित्रे मिळवली, भिंगाखाली धरली, आणि सविस्तर उत्तर कळवले. काही आठवड्यांनी दुसरा प्रश्न आला, कठड्याच्या दांडीविषयी. मग पायरीविषयी. मग आला तो चिमणीच्या कडेचा प्रश्न: चिमणीच्या तोंडावरची कड गोल वळवलेली होती की चपटी? यावर मंडळात दोन तट पडले. एका छायाचित्रात कड गोल दिसे, दुसऱ्यात चपटी. कवळीवाल्यांनी या प्रश्नाचा असा काही कीस पाडला, की उन्हाळा सरून गेला तरी त्यांचे समाधान होईना.

“अरे, गोल लाव म्हणावं, चपटी लाव म्हणावं, पण पाठव म्हणावं,” सिग्नलवाले एकदा वैतागून म्हणाले.

“चुकीचं इंजिन घेऊन काय करायचंय?”

“मी बघणार आहे रे. तपासणार तू आहेस.”

“एकदाच होणार आहे ते. झालं तर बरोबर होऊ दे.”

“एकदाच होणार आहे म्हणूनच म्हणतोय,” सिग्नलवाले पुटपुटले आणि पुन्हा स्टुलावर बसले.

शौकिनांच्या जगात विलंबाला एक विचित्र प्रतिष्ठा असते. लवकर आलेली वस्तू त्यांना उथळ वाटते. उशीर होतो आहे म्हणजे कारागीर जीव ओतून काम करतो आहे, असे ते एकमेकांना समजावत राहतात. कवळीवाल्यांनीही मित्राला हेच समजावले, आणि त्यात अप्रामाणिकपणा तिळमात्र नव्हता. त्यांचा त्यावर विश्वास होता. माणसाचे नुकसान त्याच्या अविश्वासापेक्षा अशा विश्वासाने अधिक होते.

अखेर एक खोके आले. आत घूस होती. तयार, रंगवलेली, काळीभोर, तळहातावर मावणारी. सोबत पितळवाल्याचा निरोप होता: हा पहिला नग, सरांच्या पसंतीसाठी, पसंत पडला तर हाच ठेवून घ्यावा, बाकीचे मागाहून होतील.

कवळीवाल्यांनी ती दवाखान्यामागच्या टेबलावर नेली. मेणाची आणि प्लॅस्टरची भांडी बाजूला सारून, भिंग लावून, कवळी तपासतात तशी तपासली. पाठीवर उलटी ठेवून मोटर फिरवून पाहिली. मोटर गुळगुळीत चालली. मग खिळे पाहिले, दांडी पाहिली, पायरी पाहिली. चिमणीची कड चपटी होती. आणि त्यांचा निर्णय तोवर गोलच्या बाजूने झाला होता.

त्या सुट्टीच्या दुपारी सिग्नलवाले नेहमीसारखे आले. त्यांच्या पाठीमागच्या कपाटात, वरच्या कप्प्यात, घूस होती.

“काही कळलं का रे घुशीचं?”

“काम चाललंय.”

“जवळ आलंय का?”

“आलंय म्हणायला हरकत नाही.”

हे खोटे नव्हते. आपण मित्रापासून काही लपवतो आहोत, असे कवळीवाल्यांना वाटलेही नसावे. ज्या वस्तूसाठी हा माणूस इतका थांबला, तिचे पहिले दर्शन सदोष घडू नये, इतकाच त्यांचा विचार होता. रुग्णाला मेणातली कवळी घालून कोणी घरी पाठवत नाही. दोन आठवडे त्यांनी इंजिन ठेवून घेतले, उणिवांची रीतसर टिपणी केली, आणि पत्नीने “आता कुठं पाठवताय ते? आलंय तर राहू द्या ना,” म्हणून पाहिले तरी न ऐकता ते त्याच खोक्यात घालून दुरुस्तीसाठी परत पाठवले.

दातांच्या धंद्यातली रीत त्यांनी इथे लावली, आणि चूक तिथेच झाली. दंतवैद्य काम परत पाठवतो तेव्हा पैसे त्याच्या खिशात असतात. म्हणून परत पाठवण्याला वजन असते. ज्याला आपण सगळे पैसे आधीच मोजून बसलो आहोत, त्याच्याकडून हातात आलेली वस्तू परत करणे म्हणजे व्यवहारात आपल्या बाजूला असलेली एकमेव गोष्टही त्याच्या ओटीत घालणे. इतका साधा हिशेब कोणत्याही भाजीवालीने बोलता बोलता सांगितला असता. परंतु शौकीन माणूस तो हिशेब मांडत नाही. मांडला तर आपण शौकीन राहिलो नाही, असे त्याला वाटते.

त्यानंतर पितळवाला गप्प झाला. फोन वाजत राही, उचलला जात नसे. कधी उचललाच तर “होतंय सर, कडेचंच काम चाललंय,” एवढेच उत्तर. इकडे सिग्नलवाल्यांच्या डाव्या डोळ्याचा बोगदा अरुंद होत चालला होता. ते आता स्टूल चाचपून शोधत. चहाचा कप समोर ठेवताना कवळीवाल्यांच्या पत्नी त्याचा कान त्यांच्या बोटांना लावून देत. गाडी आली की ते आवाजावरून मान वळवत, आणि ती डोळ्यांसमोरून जात असतानाच्या एका निमिषात त्यांचा चेहरा उजळे. “अजून दिसतंय,” ते म्हणत. मग एकदा गाडी गेली आणि ते काहीच बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी कवळीवाल्यांनी दवाखान्यात रजा सांगितली आणि बसने पितळवाल्याचे गाव गाठले. कुठलीही एक घूस, कशीही असो, ती घेऊनच परतायचे, असे त्यांनी या खेपेस ठरवले होते.

घरामागे पत्र्याची शेड होती. आत आम्लाचा उग्र वास, आणि फळ्यांवर अर्धवट इंजिने, चाकांवाचून पोटावर पडलेली, नाना जातींची. पितळवाला वाळलेला, गळ्यात दोरीला चष्मा अडकवलेला माणूस निघाला. त्याची पत्नी कोपऱ्यात खाली मान घालून सोल्डरिंग करत होती. कवळीवाल्यांना पाहताच त्याने आधी खुर्ची पुसली.

“मी चोर नाही, सर,” तो काही विचारण्याआधीच म्हणाला.

“मग पैसे कुठं गेले?”

“तुमच्या आधीच्या लोकांची चाकं आली त्यात. त्यांचे पैसे त्यांच्या आधीच्यांच्या मोटरींत गेले होते.”

“आणि आमची चाकं?”

“नवीन इंजिन जाहीर करणार होतो. त्यात आली असती. पण आता कोणी पैसे भरत नाही. गावोगाव बोभाटा झालाय.”

“मला पैसे नकोत. एक घूस द्या. चिमणी कशीही असू दे.”

पितळवाला जमिनीकडे पाहू लागला. “एकच झाली होती, सर. तुम्ही नापसंत केलीत. मग एक गृहस्थ आले, रोख दिले आणि घेऊन गेले. त्यांनी चिमणीकडे बघितलंसुद्धा नाही.”

“पण मी ती कड बदलायला पाठवली होती!”

“कड कशी बदलणार, सर? पत्रे तुमचा पहिला फोटो यायच्या आधीच कापून झाले होते. आता तेही भंगारात दिले.”

“मग ते प्रश्न? टाकी, दांडी, पायरी…”

यावर त्याची पत्नी प्रथमच बोलली, हातातले काम न थांबवता. “सांगून टाका ना एकदाचं. भाऊ, प्रश्न पाठवला की दोन-तीन महिने पैशांचा फोन यायचा नाही. तुम्हा लोकांना विचारत राहिलं की तुम्ही रागवत नाही. उलट आभार मानता. चिमणीचं तर मीच सुचवलं होतं. ते सगळ्यात जास्त दिवस पुरलं.”

कवळीवाल्यांना आठवले, की त्या प्रश्नाबद्दल त्यांनी खरोखरच पितळवाल्याचे आभार मानले होते. इतक्या बारकाईने विचारणारा कारागीर आजकाल मिळत नाही, असे म्हणाले होते. त्या बाईंनी पुढे केलेला चहा त्यांनी प्यायला नाही. पण रागाचा एक शब्दही त्यांच्या तोंडून निघाला नाही. ओरडायला जी जागा लागते, ती त्या शेडमध्ये त्यांना सापडली नाही. पितळवाल्याने त्यांच्या तोंडाला पाने पुसली होती हे खरे. पण ती पाने त्यांनी स्वतःच खुडून आणून दिली होती.

सुट्टीच्या दुपारी सिग्नलवाले आले तेव्हा खोलीत दुसरे कोणी नव्हते. फळी आडवी होती, रूळ रिकामे होते.

“काय म्हणाला रे तो?”

“बुडाला. आपलेही पैसे बुडाले. इंजिन होणार नाही.”

सिग्नलवाले चाचपत स्टूल ओढून बसले. मग म्हणाले, “ठीक आहे. तू तरी काय करणार? न झालेल्या गोष्टीला कोण काय करतो?”

कवळीवाल्यांनी तेवढ्यावर सुटका करून घेतली असती. परंतु त्याच वेळी त्यांच्या पत्नी चहा घेऊन आत आल्या, आणि सिग्नलवाल्यांचा पडलेला चेहरा पाहून कळवळून म्हणाल्या, “मी तेव्हाच म्हणत होते हो भाऊजी, आलंय तर ठेवून घ्या. हातचं परत कशाला पाठवायचं? तुम्ही तरी यांना सांगायचं होतंत.”

“काय आलं होतं, वहिनी?”

त्या थांबल्या. नवऱ्याकडे पाहिले. दोघा मित्रांनी मिळूनच इंजिन परत केले, असे त्या इतके दिवस समजत होत्या.

“ते… घूस. खोक्यातून आली होती ना. या कपाटात तर होती.”

सिग्नलवाल्यांनी मान कपाटाच्या दिशेने वळवली, जणू अजूनही ती तिथे असावी.

“कधी?”

“मागच्या वर्षी,” कवळीवाले म्हणाले.

“मी येत होतो तेव्हा?”

“हो.”

“तेव्हा मला दिसत होतं.”

“हो.”

“चालत होती?”

“मोटर उत्तम होती.”

“मग झालं काय तिला?”

“चिमणीची कड चपटी होती.”

“आणि यार्डात कशी होती?”

“मी गोल धरली होती. आता नक्की सांगता येत नाही. तुला काय आठवतं?”

“मला?” सिग्नलवाले म्हणाले. “मी कधी तिच्या चिमणीकडे बघितलंच नाही.” कप हातात तसाच होता, तो त्यांनी चाचपत खाली ठेवला. “सांग, कशी होती दिसायला. आता समोर आणून ठेवलीस तरी मला काळा ठिपकाच दिसणार. तू सांग.”

कवळीवाले सांगू लागले. कडेपासून सुरुवात केली. मग टाकीवरच्या ओळीतला एक खिळा सुटला होता ते सांगितले. दांडीची एक खुंटी किंचित तिरपी, डाव्या पायरीखाली रंगाचा ओघळ, मागच्या दिव्याची काच नेमकी मापाची नाही. सारे त्यांना लख्ख आठवत होते. आठवत नव्हते ते एवढेच, की हे सोडून आणखी काय होते.

“पुरे,” सिग्नलवाले म्हणाले. “येताना कशी दिसत होती, ते विचारतोय मी. समोरून. वाघिणी ढकलत.”

कवळीवाल्यांची नजर रिकाम्या रुळांकडे गेली.

“तू तिला रुळांवर ठेवलीच नाहीस.”

“मोटर तपासली होती. उलटी धरून.”

“उलटी धरून,” सिग्नलवाले म्हणाले. स्टूल मागे सारून उठले, भिंतीचा अंदाज घेतला. “बरं झालं परत पाठवलीस. इतकं चुकलेलं काय ठेवून घ्यायचं?”

“थांब, सोडायला येतो.”

“नको. तू बस. माझ्या चालण्यातही तुला काहीतरी सापडेल.”

ते दाराच्या चौकटीला हात लावत बाहेर पडले. कवळीवाले फळीपाशी होते तिथेच उभे राहिले. त्यांच्या पत्नी ओल्या हातांनीच चपला सरकवून जिन्यावर धावल्या आणि दुसऱ्या वळणाशी त्यांनी सिग्नलवाल्यांचे कोपर धरले. तो हात त्यांनी झिडकारला नाही.